ताबूच्या वहीतलं नाव

ऑटोमन काळातल्या पॅलेस्टाईनमध्ये जमिनीच्या दस्ताला ‘कुशान’ म्हणत, आणि ज्या वहीत त्याची नोंद होई तिला ‘ताबू’. हे शब्द तिथे आजही चालतात. कुशानचा मजकूर मराठी वाचकाला ओळखीचा वाटावा असाच आहे. गावाचं नाव, शिवारातल्या त्या तुकड्याचं बोलीतलं नाव, जमिनीचा प्रकार, अंदाजे क्षेत्र, आणि मग चार दिशा: पूर्वेला अमक्याच्या वारसांचं शेत, पश्चिमेला ओढा, उत्तरेला वाट, दक्षिणेला खडक. आपल्या खरेदीखतातली चतुःसीमाच ती. नकाशा जोडलेला नसतो. शेजारी वारला, त्याच्या मुलांनी वाटण्या केल्या, ओढ्याने पात्र बदललं, की कागदावरची जमीन आणि पायाखालची जमीन एकमेकींपासून सुटायला लागतात.

क्षेत्र दूनममध्ये असतं. तुर्की दूनम साधारण ९१९ चौरस मीटरचा. ब्रिटिशांनी १९२८ मध्ये तो १००० चौरस मीटरवर पक्का केला. म्हणजे आपले जवळपास दहा गुंठे, आणि चार दूनमांचा साधारण एक एकर. जुन्या कागदावरचे शंभर दूनम नव्या मापात ब्याण्णवच भरतात. उरलेले आठ कुठे गेले, हा प्रश्न मोजणीवाल्याला पडत नाही, शेतकऱ्याला पडतो.

इस्रायली-पॅलेस्टिनी संघर्ष आपल्याकडे युद्धांच्या सालांनी सांगितला जातो: १९४८, १९५६, १९६७, १९७३. माझ्या मते त्या सालांच्या खाली वाहणारी खरी धार या वह्यांमध्ये आहे. तुर्क गेले, ब्रिटिश आले. ब्रिटिश गेले, मग इस्रायल, जॉर्डन आणि इजिप्त आले. १९६७ नंतर सगळा प्रदेश इस्रायलच्या हातात गेला. यातल्या कुणीही आधीच्या राज्याचा जमीन कायदा लगेच फेकून दिला नाही. तो उघडला, वाचला आणि आपल्या कामाची कलमं ठेवली. वेस्ट बँकमध्ये एखादी टेकडी कोणाची, हा वाद आजही १८५८ च्या सुलतानी कायद्याच्या कलमांवर लढवला जातो.

त्या कायद्याने जमिनीचे पाच प्रकार केले. मुल्क म्हणजे पूर्ण खाजगी, बहुधा गावठाणातली. वक्फ धर्मादाय. मतरूका म्हणजे रस्ते, गायरान, सार्वजनिक वापराची. मवात म्हणजे ‘मेलेली’, पडीक. आणि सर्वांत मोठा, सर्वांत महत्त्वाचा प्रकार मिरी: शेतजमीन, जिची अंतिम मालकी सुलतानाची आणि भोगवटा कसणाऱ्याचा. आपल्या सातबाऱ्यावरचा भोगवटादार वर्ग दोन आठवला तर कल्पना येईल, तंतोतंत सारखा नसला तरी. मिरी जमीन सलग दहा वर्षं कसली तर कागद नसतानाही हक्क मिळे. सलग तीन वर्षं विनाकारण पडीक ठेवली तर ती सरकारजमा होऊ शके. कायदा करणाऱ्यांचा हेतू उघड होता. जमीन पिकली पाहिजे आणि वसूल आला पाहिजे.

मवातची व्याख्या मला या सगळ्या कायद्यात विलक्षण वाटते. गावाच्या शेवटच्या घरापासून मोठ्याने हाक मारली तर जिथे ऐकू येत नाही ती जमीन मवात. कायद्यानेच पुढे हिशेब दिला: साधारण दीड मैल, किंवा चालत अर्धा तास. शंभर वर्षांनी इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्न आला की हाक धरायची की अंतर. न्यायालयाने अंतर धरलं. त्यातही गाव म्हणजे पक्की वस्ती, तंबू नव्हे. नकबच्या, म्हणजे नेगेव्हच्या, वाळवंटातल्या बदाउनी लोकांची पिढ्यानपिढ्यांची वहिवाट इथे संपली. त्यात ब्रिटिशांचा १९२१ चा एक वटहुकूम होता, की ज्यांनी मवात जमीन लागवडीखाली आणली आहे त्यांनी दोन महिन्यांत नोंद करावी. बहुतेकांनी केली नाही. १९८४ च्या अल-हवाशला खटल्यात नोंद न झालेले ते दोन महिने निर्णायक ठरले.

नोंद का केली नाही, हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. वहीत नाव म्हणजे करवसुली करणाऱ्याच्या हातात नाव, आणि सैन्यभरती करणाऱ्याच्याही. तुर्की लष्करात गेलेला मुलगा परत येईल याची खात्री नसे. शिवाय नोंदणीची फी होती. म्हणून कुणी क्षेत्र निम्मं लिहवलं, कुणी मेलेल्या आजोबांचं नाव लावलं, कुणी शहरातल्या वजनदार माणसाच्या नावावर सगळं गाव चढवलं आणि आपण पूर्वीसारखं कसत राहिला. शेतकऱ्याच्या दृष्टीने यात काही बदलत नव्हतं. नांगर त्याचा, खळं त्याचं, ऑलिव्हची झाडं त्याच्या बापाने लावलेली.

सपाटीच्या प्रदेशात आणखी एक अडचण होती. बऱ्याच गावांची जमीन ‘मुशा’ पद्धतीची, म्हणजे सामाईक. तिचं काम असं चाले: गावाची शेतजमीन मातीच्या मगदुरानुसार विभागायची, काळी भारी, मध्यम, मुरमाड. प्रत्येक कुटुंबाचे ठरलेले हिस्से. प्रत्येक हिस्सेदाराला प्रत्येक विभागात एकेक पट्टी मिळायची, म्हणजे सगळी चांगली माती एकाकडे जात नाही. दर काही वर्षांनी सोडत काढून पट्ट्या बदलायच्या. न्यायाच्या दृष्टीने ही व्यवस्था फार सुंदर आहे. पण पट्टी चार वर्षांनी दुसऱ्याकडे जाणार असेल तर तिच्यात शेणखत कोण घालणार, ऑलिव्ह कोण लावणार? आणि वहीला तर एक तुकडा, एक मालक हवा असतो. फिरत्या पट्टीला गट नंबर देता येत नाही. ब्रिटिश अधिकारी मुशाकडे मागासलेपणाचं कारण म्हणून पाहत राहिले. गावकऱ्यांसाठी मात्र परक्याला जमीन विकण्याआड येणारं तेच एक कुंपण होतं.

आता मर्ज इब्न आमिरकडे येऊ, हिब्रूत इझ्रेल खोरं. नाझरेथच्या दक्षिणेचा हा सुपीक पट्टा ऑटोमन सरकारने १८७० च्या आसपास बैरूतच्या सुरसूक या धनाढ्य व्यापारी घराण्याला विकला. खोऱ्यातले शेतकरी त्यांची कुळं झाली. १९१० मध्ये इलियास सुरसूकने अल-फूला गावाची जमीन, सुमारे दहा हजार दूनम, झायनिस्ट, म्हणजे पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंचं राष्ट्र वसवू पाहणाऱ्या, संस्थांना विकली. मध्यस्थ होता येहोशुआ हांकिन, ज्याने पुढेही अशा अनेक मोठ्या खरेद्या घडवून आणल्या. नाझरेथचा कायममकाम, आपल्या भाषेत प्रांताधिकारी, शुक्री अल-असली याने दस्त हस्तांतरित करायला नकार दिला. वरून हुकूम आला तरी तो अडून राहिला, नंतर निवडून येऊन ऑटोमन संसदेत त्याने हाच विषय मांडला. पण व्यवहार झाला, आणि १९११ मध्ये तिथे मेरहाविया वसलं. १९२१ ते १९२५ या काळात खोऱ्यातल्या उरलेल्या मोठ्या विक्र्या झाल्या.

इथे घाई करून निकाल देऊ नये. विकत घेणाऱ्यांनी पैसे मोजले, बाजारभावापेक्षा जास्त मोजले. दस्त कायदेशीर होते. रशियन साम्राज्यातल्या हत्याकांडांतून जीव वाचवून आलेल्या माणसाला हातात कुदळ आणि पायाखाली स्वतःची जमीन हवी होती, त्या ओढीत खोटं काही नाही. पण ज्यू नॅशनल फंड ही १९०१ मध्ये स्थापन झालेली संस्था जमीन घेताना एक नियम पाळत होती: घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, फक्त भाड्याने द्यायची, आणि ती ज्यू लोकांसाठी. जमीनदार बदलला तरी कूळ राहतं, हा हजारो वर्षांचा अनुभव तिथे पहिल्यांदा खोटा ठरला. कूळ उठलं. आपल्याकडे १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्याने कसणाऱ्याच्या बाजूने पाऊल टाकलं. खोऱ्यातल्या शेतकऱ्याला तसं संरक्षण वेळेत मिळालं नाही. ब्रिटिशांनी पुढे ‘भूमिहीन अरब’ मोजायला घेतले, तेव्हा व्याख्या इतकी अरुंद ठेवली की ३२७१ अर्जांपैकी ६६४ मंजूर झाले. ज्याने हैफात गोदी कामगार म्हणून पोट भरायला सुरुवात केली होती तो या यादीत बसत नव्हता.

ब्रिटिशांनी १९२८ मध्ये नवी पद्धत आणली, मूळ ऑस्ट्रेलियातली टॉरेन्स पद्धत. तिचं तत्त्व असं की वहीतली नोंद हाच हक्क, मागचे दस्त शोधत बसायचं नाही. त्यासाठी आधी मोजणी. गावाचे गट पाडायचे, गटाचे तुकडे, प्रत्येकाला क्रमांक. हिब्रूत ‘गुश’ आणि ‘हेल्का’, अरबीत ‘हौद’ आणि ‘कित्आ’. मग अधिकारी गावात बसून दावे ऐकणार, वाद असेल तर निकाल देणार आणि वही बंद करणार. काम किनाऱ्याच्या आणि खोऱ्यांच्या सपाटीपासून सुरू झालं, कारण खरेदी-विक्री तिथे होती. डोंगराळ भाग, म्हणजे नाब्लुस, रामल्ला, हेब्रॉनकडची बहुतेक गावं, शेवटी ठेवली. १९४८ मध्ये ब्रिटिश निघाले तेव्हा सुमारे २.६ कोटी दूनमांपैकी जेमतेम पाचवा हिस्सा पुरा झाला होता.

या अपुऱ्या वहीतून दोन्ही बाजू आकडे काढतात. ज्यूंच्या मालकीची जमीन १९४७ मध्ये साधारण सात टक्के होती, हे बरोबर. उरलेल्यापैकी मोठा भाग कागदोपत्री कुणाच्या खाजगी नावावर नव्हता, हेही बरोबर, कारण जवळपास निम्मा देश म्हणजे नकब. पण नाव नसणं आणि मालक नसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शंभर वर्षांचा घोटाळा या एका जागी आहे. २९ नोव्हेंबर १९४७ च्या संयुक्त राष्ट्रांच्या फाळणी ठरावाने लोकसंख्येत एक तृतीयांश असलेल्या ज्यूंच्या राज्याला सुमारे ५५ टक्के प्रदेश देऊ केला. ३३ मतं बाजूने, १३ विरोधात, १० तटस्थ. स्वतःची फाळणी नुकतीच भोगलेल्या भारताने विरोधात मत दिलं. भारताचा आग्रह संघराज्याचा होता.

पुढच्या दीड वर्षात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी घराबाहेर पडले किंवा पाडले गेले, चारशेहून अधिक गावं रिकामी झाली. ती जमीन कोणाची, या प्रश्नाचं उत्तर इस्रायलने १९५० च्या गैरहजर मालमत्ता कायद्यात दिलं. त्याचा साचा आपल्याच उपखंडातून गेला. पाकिस्तानने निघून गेलेल्या हिंदू-शिखांच्या मालमत्तेसाठी केलेला कायदा मसुदा करणाऱ्यांसमोर होता, आणि तशाच धर्तीचा कायदा भारतानेही केला होता. इस्रायली कायद्यानुसार २९ नोव्हेंबर १९४७ नंतर जो शत्रूदेशात गेला, किंवा १ सप्टेंबर १९४८ पूर्वी आपलं राहतं ठिकाण सोडून शत्रूच्या ताब्यातल्या भागात गेला, तो ‘गैरहजर’. तो का गेला, परत आला का, हे विचारायचं नाही. त्यामुळे गोळीबार थांबेपर्यंत शेजारच्या गावी बहिणीकडे राहायला गेलेला माणूस, जो नंतर इस्रायलचा नागरिक झाला, कर भरू लागला, मतदान करू लागला, तो स्वतःच्या शेतापुरता गैरहजर राहिला. सरकारी भाषेत त्याला ‘हजर-गैरहजर’ असं नाव पडलं. त्या दोन शब्दांत एका माणसाचं काय होतं, हे मला कुठल्याही युद्धवर्णनापेक्षा जास्त बोचतं.

त्याच वेळी दुसऱ्या टोकाला बगदादमध्ये काय चाललं होतं तेही इथेच सांगायला हवं. इराकने मार्च १९५० मध्ये ज्यूंना नागरिकत्व सोडून जाण्याची मुभा दिली. नावं नोंदवून झाली, आणि मार्च १९५१ मध्ये दुसऱ्या कायद्याने त्यांची मालमत्ता गोठवली. अडीच हजार वर्षांचा वसा असलेल्या समाजातले लाखाहून अधिक लोक हातात एखादी पेटी घेऊन विमानात बसले. घराचे दस्त त्यांच्याकडेही होते. हेब्रॉनमध्ये १९२९ च्या दंगलीत ६७ ज्यू मारले गेले आणि पुढे ती वस्तीच उठली, कागद त्यांच्याकडेही होते. एका बाजूचा कागद खरा आणि दुसऱ्या बाजूचा फोल, असं म्हणणाऱ्याने यातली एक तरी यादी नीट वाचलेली नसते.

मराठीचा धागाही याच जागी येऊन लागतो. कोकणातून, मुंबईतून गेलेले बेने इस्रायल पुढच्या दशकांत दिमोना, अश्दोद, रामला आणि लोद अशा गावांत स्थिरावले. तिथे घरात मराठी बोलली जाते, पुरणपोळी होते, ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिकही निघत आलं. लोद म्हणजे अरबी अल-लिद्द. जुलै १९४८ च्या उन्हात लिद्द आणि रामला या दोन गावांतून पन्नास हजारांहून अधिक माणसं पूर्वेला हाकलली गेली, बरीचशी चालत. अलिबागजवळच्या गावातून निघालेला तेल काढणाऱ्यांचा समाज आणि ऑलिव्हचं तेल काढणाऱ्यांचं गाव, यांची भेट अशी व्हावी हे दोघांनीही मागितलेलं नव्हतं.

१९६७ नंतरची गोष्ट वेस्ट बँकच्या डोंगरांत घडते, जिथे ब्रिटिशांची मोजणी पोचली नव्हती. जॉर्डनने ती पुढे नेली होती. साधारण तिसरा हिस्सा पूर्ण झाला असताना इस्रायली लष्कराने डिसेंबर १९६८ च्या हुकूम क्रमांक २९१ ने काम थांबवलं. बाकीच्या गावांना वही मिळालीच नाही. सुरुवातीच्या वसाहतींसाठी जमीन ‘लष्करी गरज’ म्हणून ताब्यात घेतली जाई. नाब्लुसजवळच्या रुजेब गावच्या शेतकऱ्यांनी १९७९ मध्ये एलोन मोरे वसाहतीविरुद्ध दाद मागितली. सरकारपक्षाने सुरक्षेचं कारण दिलं. माजी लष्करप्रमुख हाईम बार-लेव्ह यांनी उलट प्रतिज्ञापत्र दिलं. खुद्द वसाहतवाल्यांनी सांगितलं की आम्ही सुरक्षेसाठी आलेलो नाही, हा आमचा धार्मिक हक्क आहे. न्यायालयाने २२ ऑक्टोबर १९७९ ला ताबा बेकायदा ठरवला, तीस दिवसांत जागा सोडायला लावली. शेतकरी जिंकले.

पण त्या विजयातून नवी वाट निघाली. खाजगी जमीन घेता येत नसेल तर जमीन खाजगी नाहीच, असं दाखवायचं. कायदा विभागाने १८५८ चं पुस्तक काढलं. मिरी जमीन, नोंद नाही, सलग लागवड नाही, मग ती राज्याची. लागवड किती पाहिजे? तुकड्याच्या निम्म्याहून अधिक. ज्याने यहूदिया-सामरियाचा, म्हणजे वेस्ट बँकचा, एखादा डोंगर पाहिला आहे त्याला यातली मेख कळेल. तिथे चुनखडीचा कातळ वर आलेला असतो. शेतकरी दगड वेचून उतारावर बांध घालतो, बांधामागे हातभर माती साठवतो, तिच्यात ऑलिव्ह लावतो. दोन बांधांमध्ये उघडा खडक राहतो, तिथे शेळ्या चरतात. हवाई छायाचित्रात झाडांचे हिरवे ठिपके वीस-तीस टक्के दिसतात, उरलेला पांढरा दगड. त्या दगडातूनच बांध उभे राहिले, हे छायाचित्रात दिसत नाही.

घोषणा झाली की आक्षेपाला ४५ दिवस. सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची, आणि ऐकणार लष्करी अपील समिती. लागतं काय? परवानाधारक मोजणीदाराचा नकाशा, मुख्तारचं, म्हणजे गावच्या पाटलाचं, प्रतिज्ञापत्र, शेतसाऱ्याच्या नोंदीचा उतारा, वारसदाखला. सारा भरल्याच्या उताऱ्याबद्दल सांगितलं जातं की ही करनोंद आहे, हक्क नव्हे. घरपट्टीची पावती म्हणजे मालकी नव्हे, हे आपल्याकडचं ऐकलेलं वाक्य. वारसदाखल्यात तर घरचीच माणसं आड येतात. सातांपैकी तीन भावंडं अम्मान किंवा कुवेतमध्ये असतील, तर १९६७ च्या हुकूम ५८ प्रमाणे ती गैरहजर, आणि त्यांचा अविभाज्य हिस्सा सरकारी अभिरक्षकाकडे. मग उरलेल्या चौघांच्या अंगणात सरकार सहहिस्सेदार. १९९५ च्या ओस्लो-दोन करारात वेस्ट बँकचे अ, ब, क असे भाग पडले. सुमारे साठ टक्के ‘क’ मध्ये इस्रायलकडे राहिले, आणि ही बहुतेक टेकाडं त्याच भागात आहेत.

पूर्व जेरुसलेममध्ये १९७० च्या कायद्याने १९४८ पूर्वीचे ज्यू मालक किंवा त्यांचे वारस आपली मालमत्ता परत मागू शकतात. शेख जर्राहमध्ये १९५६ साली जॉर्डन आणि संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेने वसवलेल्या २८ निर्वासित कुटुंबांवर त्यातूनच निष्कासनाचे दावे आले. त्या कुटुंबांची मूळ घरं पश्चिम जेरुसलेममध्ये, हैफात, याफात. ती मागण्याची सोय कायद्यात नाही. मागे जाणारी वाट एकाला उघडी, दुसऱ्याला बंद. या तफावतीचं समर्थन मला कुठल्याही बाजूने सापडलेलं नाही.

२०१८ मध्ये इस्रायली सरकारने पूर्व जेरुसलेममध्ये मोजणी आणि हक्कनोंदणी पुन्हा सुरू केली, २०२५ मध्ये ‘क’ भागासाठीही तसा निर्णय झाला. वरवर पाहता हे लोकांना हवंच असेल, नोंद असेल तर बांधकाम परवाना मिळेल, कर्ज मिळेल. प्रत्यक्षात अनेक घरं पुढे यायला धजत नाहीत. नाव सांगायचं तर सगळे वारस सांगावे लागतात, आणि वारसांत कुणी परदेशी निघाला तर गैरहजर कायदा दारात. दीडशे वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज सैन्यभरतीच्या भीतीने वहीपासून दूर राहिले होते.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासच्या हल्ल्यात इस्रायलमध्ये सुमारे १२०० माणसं मारली गेली, २५१ ओलीस नेली गेली. नंतरच्या युद्धात गाझामध्ये मेलेल्यांची संख्या अनेक दहा हजारांत गेली, घरांचा बहुतांश भाग पडला किंवा मोडला. गाझातले बहुसंख्य लोक १९४८ च्या निर्वासितांचे वंशज. जुने कुशान आणि किल्ल्या जिथे कपाटात जपून ठेवल्या होत्या ती कपाटं ढिगाऱ्याखाली गेली.

एक प्रत मात्र दुसरीकडे आहे. ब्रिटिशांनी जाता जाता ताबूच्या वह्यांची सूक्ष्मचित्रं काढून ठेवली. संयुक्त राष्ट्रांच्या समेट आयोगाने, ज्याचा उगम डिसेंबर १९४८ च्या १९४ व्या ठरावात आहे, फ्रँक जार्विस या जमीनतज्ज्ञाकडून त्यांच्या आधारे अरब मालकीच्या तुकड्यांची मोजदाद करवून घेतली. १९६४ पर्यंत सुमारे साडेचार लाख फॉर्म भरले गेले: गाव, गट, तुकडा, मालक, हिस्सा, क्षेत्र, आकारणीचा वर्ग. ते न्यूयॉर्कमध्ये आहेत. आयोग बरखास्त झालेला नाही, दरवर्षी महासभेला एका पानाचा अहवाल देतो की नवीन सांगण्यासारखं काही नाही. इस्रायलच्या भूमी नोंदणीने ब्रिटिशांचे गट क्रमांकच पुढे चालवले. आज तेल अवीवच्या परिसरात एखादं कुटुंब सदनिका घेतं तेव्हा करारावर गुशचा क्रमांक लिहिला जातो, आणि न्यूयॉर्कमधल्या एखाद्या फॉर्मवर, दुसऱ्या नावापुढे, तोच क्रमांक असतो.